चौकातला फ्लेक्स आणि हातातली चिठ्ठी: प्रचारातून धंद्यासाठी काय घ्यायचं, काय सोडायचं



२०२४ च्या दिवाळीनंतर लातूरला आपलं वर्कशॉप झालं. जेवणाच्या सुट्टीत एक ताई जवळ आल्या. घरून मसाले, शेवया, लाडू-चिवडा करून विकतात. बचत गटाचं ३० हजारांचं कर्ज नुकतंच हातात आलंय. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होणार, म्हणून रुखवताच्या ऑर्डर घ्यायच्या आहेत. त्यांनी विचारलं, "सर, गंजगोलाईत मोठा फ्लेक्स लावते. माझा फोटो, हात जोडलेला. सगळे पुढारी लावतात ना, म्हणजे उपयोग होत असणारच. १२ हजार खर्च येतोय. लावू का?"

प्रश्न चुकीचा नाही. तेव्हा आपण घराबाहेर पडलो की दिसायचं तेच. २० नोव्हेंबर २०२४ ला मतदान होतं, २८८ जागा होत्या, राज्यात सुमारे ९ कोटी ७० लाख मतदार होते. त्यामुळे रस्त्यावरचा प्रत्येक खांब, प्रत्येक रिक्षा काहीतरी बोलत होती. जे एवढे हुशार लोक एवढा पैसा घालून करतात ते आपणही करावं, असं वाटणं साहजिक आहे. आमच्या ट्रेनिंग लाईनमधले बरेच जणही हेच सांगतात: "मार्केटिंग शिकायचं तर राजकीय पक्षांकडून शिका."

माझं मत थोडं वेगळं आहे. शिकायचं जरूर, पण चौकातल्या मोठ्या फ्लेक्सकडून नाही. मग कशाकडून, ते आज सविस्तर सांगतो. सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. इथे कोणत्याही पक्षाची बाजू नाही. माझ्या दुकानात सगळ्या पक्षांच्या घरातली मुलं गणवेश घ्यायला येतात, आणि मला सगळीच हवी आहेत.

आधी एक गंमत: फ्लेक्स उतरले आणि दुकानं दिसली

१५ ऑक्टोबर २०२४ ला निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहिता लागली. नियम असा आहे की सरकारी इमारतींवरच्या राजकीय जाहिराती २४ तासांत, सार्वजनिक जागेवरच्या ४८ तासांत आणि खासगी जागेवरच्या विनापरवाना जाहिराती ७२ तासांत काढायच्या. आमच्या कराडात दोन-तीन दिवसांत वाढदिवसाचे, नवरात्राचे, दिवाळीच्या आगाऊ शुभेच्छांचे फ्लेक्स उतरले. आणि त्यांच्यामागून दुकानं बाहेर आली.

माझ्या ओळखीचा एक मोबाईल रिपेअरवाला आहे. त्याच्या बोर्डासमोर गणपतीपासून एक ना एक फ्लेक्स उभाच होता. फ्लेक्स निघाल्यावर दुसऱ्याच दिवशी एका बाईंनी त्याला विचारलं, "नवीन उघडलंय का?" त्याचं दुकान सहा वर्षांचं आहे.

हसू नका. यातला पहिला धडा आजच लिहून ठेवा. तुमचा बोर्ड दिसतो की नाही, हे रस्त्याच्या पलीकडे उभं राहून महिन्यातून एकदा बघायचं. आपण रोज आतून बाहेर बघतो, गिऱ्हाईक बाहेरून आत बघतं.

चार भाग, चार वेगळे फलक

त्या तीन-चार आठवड्यांत वर्कशॉपच्या निमित्ताने मी बराच फिरलो. एसटीच्या खिडकीत बसून फलक वाचायची मला जुनी खोड आहे. काय दिसलं ते सांगतो.

आमच्याकडे, म्हणजे कराड-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात, फलकावर एकटा उमेदवार क्वचितच असतो. वर आजोबा, शेजारी वडील, खाली मुलगा. साहेब, दादा, आबा, तात्या, बाबा. आडनाव नसलं तरी चालतं. मजकूर उसाचा, पाण्याचा, कारखान्याचा. इथे फलक सांगतो, "आमचं घर तुम्हाला माहीत आहे."

लातूरकडे गेलो तर विषय सोयाबीन. २०२४ च्या हंगामात केंद्राचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याच्या खाली विकावं लागत होतं म्हणून शेतकरी चिडलेला होता. त्यामुळे तिकडे सगळ्याच बाजूंच्या प्रचारात भावाचा आकडा होता. अमरावतीत "भाऊ" सुरू झाले, कापूस आणि संत्री आली, आणि बोलण्यात हिंदी मिसळली. सावंतवाडीला उतरलो तर मालवणीतली ओळ दिसली, रोजगाराचा विषय दिसला आणि मुंबईच्या चाकरमान्यांना मतदानाला गावी या म्हणून सांगणंही दिसलं.

चेहरा सगळीकडे सारखाच. हात जोडलेले, दात दिसतील इतकंच हसू, मागे नेत्यांची रांग. मी स्टँडवर चहा पिता पिता लोकांकडे बघत बसायचो. चेहऱ्याकडे कुणी थांबून बघत नव्हतं. नजर थांबत होती ती आकड्यावर. लाडक्या बहिणीचे १,५०० आता २,१०० करू असं एक बाजू सांगत होती, दुसरी बाजू ३,००० सांगत होती. दोन बायका त्या आकड्यांवरून वाद घालत होत्या. पटणं न पटणं पुढचं, पण त्यांनी ते वाचलं होतं, कारण ते त्यांच्याबद्दल होतं.

मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे. माणूस फलकावर स्वतःला शोधतो. तुमचा चेहरा शोधत नाही.

मग पुढारी चेहरा का लावतात?

कारण त्यांची गरज वेगळी आहे. एका विधानसभा मतदारसंघात साधारण तीन-साडेतीन लाख मतदार असतात. उमेदवाराला त्यातल्या प्रत्येकापर्यंत पोहोचायचं असतं. बहुतेकांना तो आधीपासून माहीत असतो किंवा निदान त्याचा पक्ष माहीत असतो. फ्लेक्सचं काम फक्त आठवण करून देणं, शिवाय "आपली हवा आहे" असं कार्यकर्त्यांना वाटत राहणं. आणि हे सगळं एका दिवसासाठी. २०२४ ला १८ नोव्हेंबरला संध्याकाळी प्रचार थांबला, २० ला मतदान, २३ ला निकाल. त्यानंतर तो फ्लेक्स कुणाच्या तरी गोठ्यावर ताडपत्री म्हणून जातो.

तुमचं तसं नाही. तुम्हाला कुणी ओळखत नाही, म्हणजे आठवण करून देण्यासारखं काही नाहीच. तुम्हाला माहिती द्यायची आहे. तुम्हाला तीन लाख लोक नकोत, तुमच्या मालाची गरज असलेली तीनशे घरं हवीत. आणि ती एका दिवशी नकोत, वर्षभर हवीत.

हे शहाणपण मला बीबीएच्या वर्गात मिळालं नाही. पैसे घालवून मिळालंय. २०१६ च्या जूनमध्ये मी शाळेच्या गणवेशाचं आणि होजिअरीचं दुकान उघडलं. डोक्यात ब्रँडिंग ब्रँडिंग चाललेलं. १० बाय ८ चे आठ फ्लेक्स केले. स्वतःचा फोटो, हात जोडलेला, गॉगल मात्र काढायला लावला वडिलांनी. छपाई, बांबूची चौकट, लावणावळ धरून १३ हजार ७०० रुपये गेले. परवानगी घेतली नव्हती. ही माझीच चूक. चौथ्या दिवशी पालिकेच्या गाडीने पाच काढून नेले. उरलेल्या तिनांवर कुणाच्या तरी वाढदिवसाचे फ्लेक्स चढले. तक्रार कुठल्या तोंडाने करणार, माझेच बेकायदेशीर!

पहिल्या महिन्यात प्रत्येक गिऱ्हाइकाला मी विचारायचो, "आपल्याला दुकान कसं कळलं?" आणि वहीत लिहायचो. ती वही अजून आहे. ६१ गिऱ्हाइकं आली. फ्लेक्स बघून आलेली तीन. त्यातला एक माझा वर्गमित्र, तो फोटोवरून चिडवायला आला होता.

पुढच्या वर्षी मी एक हजार छोटे कागद छापले. खर्च १,८०० रुपये. त्यावर माझा फोटो नाही. वर शाळेचं नाव, खाली इयत्तेप्रमाणे साईज आणि किंमत, शेवटी "उसवलं तर वर्षभर फुकट शिवून देऊ" आणि पत्ता. शाळा सुटायच्या वेळी गेटबाहेर उभं राहून पालकांच्या हातात दिले. त्या महिन्यात तो कागद हातात घेऊन आलेले पालक चाळीसच्या वर होते.

१३ हजार ७०० मध्ये तीन आणि १,८०० मध्ये चाळीस. भागाकार तुम्हीच करा.

नाव आणि चिन्ह: सातारकरांनी बघितलेला धडा

प्रचाराकडून एक गोष्ट मात्र डोळे झाकून शिकावी. एकच खूण, एकच रंग, सगळीकडे तेच. आपल्याकडे पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून, म्हणजे १९५१-५२ पासून चिन्हं आहेत, कारण तेव्हा बहुतेक मतदारांना वाचता येत नव्हतं. आज वाचता येतं, पण वाचायला वेळ नाही. परिणाम तोच.

खूण बदलली किंवा दुसऱ्याची खूण आपल्यासारखी निघाली तर काय होतं, हे आपण २०२२ पासून बघितलंय. शिवसेना दुभंगली. एका बाजूकडे धनुष्यबाण गेला, दुसऱ्या बाजूला मशाल घराघरात नव्याने शिकवावी लागली. राष्ट्रवादीत घड्याळ एकीकडे राहिलं, दुसरीकडे "तुतारी वाजवणारा माणूस" आला.

मग २०२४ च्या मे महिन्यात आमच्या सातारा लोकसभेला काय झालं? "तुतारी वाजवणारा माणूस" या चिन्हाशिवाय यादीत आणखी एक मुक्त चिन्ह होतं. दिसायला पिपाणीसारखं, पण मराठीत त्याचंही नाव "तुतारी" असं लिहिलेलं. ते चिन्ह घेतलेल्या, फारसा प्रचार नसलेल्या अपक्षाला ३७ हजारांच्या आसपास मतं पडली. निकालाचं अंतर होतं ३२ हजार ७७१. ती सगळी मतं चुकूनच पडली असं मी म्हणणार नाही, ते कुणालाच मोजता येणार नाही. पण नाव सारखं झाल्यामुळे गोंधळ झाला अशी तक्रार त्या पक्षाने केली. दिंडोरीतही पिपाणीला एक लाखाहून जास्त मतं गेली होती.

आता आपल्या बाजारात या. "साई कलेक्शन", "श्री गणेश ट्रेडर्स", "न्यू महालक्ष्मी". एका रस्त्यावर तीन-तीन. देवाच्या नावाला माझा विरोध नाही, माझ्याही दुकानाचं नाव आजीने ठेवलेलं देवाचंच आहे. पण नुसतं तेवढंच असेल तर तुमची जाहिरात वाचून गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल आणि तुम्हाला कळणारही नाही. म्हणून नावाला कामाची शेपटी जोडा. "साई शालेय गणवेश". "महालक्ष्मी रुखवत". एक रंग ठरवा. बोर्ड, पिशवी, बिलबुक, व्हॉट्सॲपचा फोटो, सगळीकडे तोच. एकदा ठरवलं की हौस म्हणून बदलू नका. मोठ्या पक्षांनाही नवी खूण लोकांच्या डोक्यात बसवायला सगळी यंत्रणा कामाला लावावी लागते. आपल्याकडे यंत्रणा म्हणजे आपण आणि आपला पुतण्या.

फलक सगळीकडे, जागा शून्य

"सर, पण सारखं दिसत राहिलं तर लोक येतातच ना?" हा प्रश्न मला दर वर्कशॉपला येतो.

शेजारच्या गोव्यात बघा. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथे ४० जागांसाठी मतदान झालं. त्याआधीच्या महिन्यांत तृणमूल काँग्रेस हा बंगालमधला पक्ष तिथे नव्याने उतरला. "गोंयची नवी सकाळ" ही त्यांची ओळ रस्तोरस्ती होती. मी तेव्हा माल बघायला म्हापशाच्या बाजाराला गेलो होतो, वाटेत त्यांचेच फलक मोजत गेलो. माणूस बघेल तिकडे तेच. निकाल लागला तेव्हा त्यांना स्वतःची एकही जागा मिळाली नाही. त्यांच्यासोबत युती केलेल्या महाराष्ट्रवादी गोमंतकला दोन जागा मिळाल्या, पण तो पक्ष गोव्यात पिढ्यानपिढ्या ओळखीचा.

राजकारणात हार-जीतची कारणं पन्नास असतात, ती मी सांगणार नाही. धंद्यापुरतं एवढं घ्या. लोकांना फलक दिसला, पण गावात माणूस दिसला नाही तर फलक एकटा काही करू शकत नाही. नवीन गावात शाखा काढणाऱ्यांनी, फ्रँचायझी घेणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. आधी तिथल्या दहा लोकांशी ओळख, मग बोर्ड.

भाषा: गिऱ्हाइकाची की आपली?

मुंबईत वरळी मतदारसंघात २०१९ ला आदित्य ठाकरे उभे होते. त्यांचे फलक मराठीबरोबर गुजराती, तेलुगू अशा भाषांतही लागले. त्यातल्या "केम छो वरळी" या फलकावरून बरीच टीका झाली. मराठीचं नाव घेणाऱ्या पक्षाला हे शोभतं का, असं लोक म्हणाले. ते निवडून आले, हा भाग वेगळा.

मला दोन्ही बाजू पटतात. गिऱ्हाइकाशी त्याच्या भाषेत बोलावं, हे दुकानदारीचं पहिलं पाठ आहे. पण मोठ्या फलकाची अडचण अशी की तो ज्याच्यासाठी आहे त्यालाही दिसतो आणि ज्याच्यासाठी नाही त्यालाही दिसतो. म्हणून मी सांगतो, मोठा बोर्ड मराठीत, ठळक, सोपा. बाकीच्या भाषा तोंडात ठेवा, हातात द्यायच्या कागदावर ठेवा, व्हॉट्सॲपवर ठेवा. माझ्या दुकानात मार्बलच्या कामाला आलेली राजस्थानी कुटुंबं येतात. त्यांच्याशी माझी बायको हिंदीत बोलते आणि साईजचा कागद हिंदीत देते. बोर्ड मराठीच आहे, आणि कुणाचंही काही अडलेलं नाही.

सगळ्यात छोटा कागद

आता मुद्द्यावर येतो. एवढे फ्लेक्स, एलईडीच्या गाड्या, रिक्षावरचे भोंगे, हे सगळं झाल्यावर शेवटच्या दोन दिवसांत प्रत्येक पक्षाचा कार्यकर्ता काय करतो? घरोघरी जाऊन चिठ्ठी वाटतो.

ती चिठ्ठी कधी नीट बघितली आहे का? त्यावर काय असतं? तुमचं नाव. यादीतला तुमचा अनुक्रमांक. तुमची शाळा, तुमची खोली. आणि नियम असा आहे की पक्षांनी द्यायची ही चिठ्ठी साध्या पांढऱ्या कागदावर हवी, तिच्यावर चिन्ह, उमेदवाराचं नाव किंवा पक्षाचं नाव नको.

म्हणजे बघा. चौकात ज्याचा चेहरा चाळीस फुटांवर आहे, त्याचं या कागदावर नावसुद्धा नाही. तरी जो कार्यकर्ता दारात येऊन "काकू, तुमचं नाव खोली नंबर तीनला आहे, सकाळी लवकर जा, गर्दी नसते" असं सांगतो, तो काकूंच्या लक्षात राहतो. अनुभवी कार्यकर्त्याला विचारा, फ्लेक्स कमी पडले तर तो कुरकुरेल, पण चिठ्ठ्या वाटायला माणसं कमी पडली तर त्याची झोप उडेल.

हे आपल्याला करता येतं, आणि जवळजवळ फुकट करता येतं. माझ्या दुकानात एक मोठं रजिस्टर आहे. मुलाचं नाव, शाळा, इयत्ता, गेल्या वर्षीचा साईज, पालकाचा नंबर. मे महिन्याच्या शेवटी मेसेज जातो: "ताई, अमुक आता पाचवीत. गेल्या वर्षी २८ साईज घेतला होता, यंदा ३० लागेल. बाजूला काढून ठेवू का?" एवढंच. खाली दुकानाचं नाव. निम्म्याहून जास्त पालक "ठेवा" म्हणतात. दुसऱ्या दुकानात दहा रुपये स्वस्त मिळत असेल, पण तिथे मुलाचा साईज कुणाला माहीत नाही.

फक्त एक पथ्य पाळा. नंबर विचारून घ्यायचा, कशासाठी हवा ते सांगायचं, आणि रोज गुड मॉर्निंग पाठवायचं नाही. प्रचाराच्या मेसेजचा आपल्याला निवडणुकीच्या दिवसांत जो वैताग येतो, तोच आपल्या गिऱ्हाइकाला येऊ द्यायचा नाही.

निवडणुकीची ऑर्डर आली तर

हे ऐकायला कडू आहे, पण सांगितलंच पाहिजे. कारण तुमच्यापैकी कितीतरी जण प्रिंटिंग, शिलाई, मंडप, केटरिंग, साउंड या लाईनमध्ये आहात.

२०१९ च्या विधानसभेला मला एका उमेदवाराच्या कार्यालयातून ऑर्डर आली. ४ हजार उपरणी २८ रुपयांनी, २ हजार टोप्या १५ रुपयांनी. १ लाख ४२ हजार. मी हवेत. ॲडव्हान्स ४० हजार मिळाले. कार्यकर्ता म्हणाला, "दादांचं काम आहे, पैशाची काळजी करू नका." बिल कुणाच्या नावाने करायचं, हे मी विचारलंच नाही. विचारायला लाज वाटली.

२१ ऑक्टोबरला मतदान, २४ ला निकाल. दादा पडले. तीन दिवसांनी मी कार्यालयात गेलो तर त्या गाळ्यात स्वेटरचा सेल लागला होता. आठ महिने फेऱ्या मारून २५ हजार मिळाले. ७७ हजार बुडाले ते बुडालेच. इचलकरंजीच्या व्यापाऱ्याला त्याचे पैसे द्यायचेच होते. बायकोच्या पाटल्या गहाण टाकल्या आणि दीड वर्षाने सोडवल्या. ती एका शब्दाने बोलली नाही, ते जास्त लागलं.

तेव्हा मला जे माहीत नव्हतं ते तुम्ही माहीत करून घ्या. विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख आहे. त्याला निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडावं लागतं. एका व्यक्तीला किंवा दुकानाला निवडणूक काळात १० हजारांपेक्षा जास्त रक्कम रोखीत देता येत नाही, चेकने किंवा बँकेतून द्यावी लागते. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब सादर करावा लागतो. म्हणजे जो "बिल नको, रोख देतो, नंतर बघू" म्हणतो, तो तुमच्यावर उपकार करत नाही. तुमचं येणंच तो कागदावरून पुसून टाकतोय.

आणि प्रिंटिंगवाल्यांनो, पत्रकावर किंवा पोस्टरवर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापणं लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-क प्रमाणे बंधनकारक आहे. प्रकाशकाकडून दोन साक्षीदारांच्या सह्यांचं घोषणापत्र घ्यावं लागतं. नाही घेतलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. उमेदवार निवडून आला काय, पडला काय, प्रेस तुमचीच असते.

माझा नियम आता सरळ आहे. उमेदवाराच्या किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीच्या सहीचं पत्र, निम्मे पैसे बँकेतून आधी, उरलेले माल गाडीत चढायच्या आधी. जमत नसेल तर नमस्कार. २०२४ ला दोन ऑर्डर सोडल्या, एक घेतली. घेतलेल्या ऑर्डरचे सगळे पैसे जमा आहेत, म्हणून हा लेख शांतपणे लिहितोय.

लातूरच्या ताईंचं काय झालं?

आम्ही वर्कशॉपमध्येच बसून हिशेब केला. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. तिथून रोज हजारो लोक जातात, पण त्यातल्या किती घरांत येत्या दोन महिन्यांत लग्न आहे? आणि ज्यांच्या घरात लग्न आहे ते लोक नक्की कुठे सापडतील? हॉलमधल्याच एक मावशी म्हणाल्या, "बस्त्याच्या दुकानात." बरोबर! बस्ता बांधायला आलेलं प्रत्येक कुटुंब म्हणजे रुखवताचं गिऱ्हाईक.

मग ताईंनी ३०० चिठ्ठ्या छापल्या. वर ओळ अशी: "मुलीचं लग्न ठरलं? रुखवताची काळजी आमच्यावर." खाली तीन पॅकेज, तीन किमती, आणि "प्रत्येक डब्यावर नवरीचं नाव लिहून मिळेल". ताईंचा फोटो नाही. चार कापड दुकानदारांना भेटून, प्रत्येकाला पाव किलो चिवडा चवीला देऊन, चिठ्ठ्या काउंटरवर ठेवल्या. सगळा खर्च १,१०० रुपये. उरलेल्या पैशातून डबे आणि तूप घेतलं, कारण ऑर्डर आली आणि माल नसला तर जाहिरात उलटते.

नंतर त्यांचा फोन आला. दोन चौकशा आल्यात, एक पक्की झाली. तेव्हा लग्नसराई सुरूही झालेली नव्हती, त्यामुळे यशोगाथा वगैरे म्हणून मी तुम्हाला विकणार नाही. पण १० हजार ९०० रुपये त्यांच्या हातात शिल्लक होते, आणि कर्जाचा पहिला हप्ता त्यातून जाणार होता. एवढं तरी नक्की झालं.

या आठवड्याचा गृहपाठ

१. आज दुकान बंद करायच्या आधी रस्ता ओलांडून स्वतःच्या बोर्डाचा फोटो काढा. घरातल्या एखाद्या लहान मुलाला तो पाच सेकंद दाखवा आणि विचारा, "इथे काय मिळतं?" उत्तर नाही आलं तर बोर्ड बदला.

२. एका वहीत दहा गिऱ्हाइकांची नावं आणि त्यांनी शेवटी काय नेलं ते लिहा. दहा आठवत नसतील तर वही आजपासून सुरू करा.

३. जाता-येता तीन प्रचार फलक नीट वाचा आणि स्वतःला विचारा, "यात माझ्याबद्दल काय लिहिलंय?" मग तोच प्रश्न तुमच्या गिऱ्हाइकाच्या वतीने तुमच्या बोर्डाला विचारा.

आणि मतदानाच्या दिवशी दुकान थोडं उशिरा उघडा, आधी मतदान करा. तुमच्याकडे कामाला असलेल्या पोरांना मतदानासाठी पगारी सुट्टी देणं हा कायदा आहे, उपकार नाही. पंधरा लोकांची कंपनी असो नाहीतर एक पोरगा असो.

तुमच्या बोर्डाचा फोटो खाली कमेंटमध्ये टाका. निवडक पाच बोर्डांवर पुढच्या व्हिडिओत बोलू, नाव झाकून. हात जोडलेला फोटो असेल तरी पाठवा, माझाही होता.

भेटू लवकरच. धंदा सांभाळा, उधारी सांभाळून द्या.